ब्रेकअप होऊन पाच वर्षं झाली, पण त्याचे नियम अजून चालूच?

(ऑडिओ भागाचा लेखी मजकूर. घरात सगळे बसलेत आणि हा विषय मोठ्यानं ऐकणं अवघड वाटतंय, तर इथं वाचा. बोलण्यातले अडखळणारे शब्द काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज थेट मुद्द्यावर येते, कारण हा भाग मी याआधी दोनदा रेकॉर्ड केला आणि दोनदा डिलीट केला.

मागच्या महिन्यात मी एसटीनं धाराशिवहून सोलापूरला निघाले होते. माझं लग्न ठरलंय. होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज आला, ‘निघालीस का?’ मी ‘हो’ लिहिलं. मग खिडकीचा फोटो काढला. मग अर्ध्या तिकिटाचा फोटो काढला, तारीख-वेळ दिसेल असा. मग शेजारच्या मावशींचा पदर दिसेल असा तिसरा फोटो, म्हणजे शेजारी बाई बसलीय हे कळावं. तिन्ही पाठवून दिले. त्याचा रिप्लाय आला, ‘अगं, तिकीट कशाला पाठवलंस? खिडकी मिळाली ना, बास.’

तुळजापूर येईपर्यंत मी तो मेसेज बघत बसले. खरंच, कशाला पाठवलं होतं? त्यानं तर मागितलं नव्हतं. मागणारा माणूस वेगळा होता, आणि त्याच्याशी माझं बोलणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती.

पुरावा मागणारं कुणी उरलं नव्हतं, तरी मी पुरावे गोळा करत होते. आजचा भाग यावर आहे. नातं संपतं, नंबर ब्लॉक होतो, फोटो डिलीट होतात. पण त्या नात्यात आपल्याला लावलेले नियम आपल्या आत चालूच राहतात. ते कसे ओळखायचे आणि कसे मोडायचे, हे बघू. त्या मुलाचं नाव, गाव, कॉलेज काहीच सांगणार नाही. त्याची बदनामी करायला हा भाग नाही.

भांडण वेगळं, धाक वेगळा

आधी एक गोष्ट. मोडलेलं प्रत्येक नातं ‘टॉक्सिक’ नसतं. दोघं भांडतात, रुसतात, एकमेकांना शोभत नाहीत, घरचे तयार होत नाहीत, नातं मोडतं. त्यात दुःख असतं, पण भीती नसते.

फरक ओळखायचा तर एवढंच आठवा: तुम्हाला ‘नाही’ म्हणता यायचं का? आणि म्हटलंच तर काय किंमत मोजावी लागायची?

माझ्या बाबतीत किंमत ठरलेली होती. फोन पहिल्या दोन रिंगमध्ये उचलला नाही, तर पुढचा एक तास ‘कुठं गेलतीस, कोण होतं संगं?’ व्हिडिओ कॉल लावून खोलीच्या चारही कोपऱ्यांत कॅमेरा फिरवायचा. मैत्रिणीकडं अभ्यासाला गेले तर मैत्रिणीला फोनवर बोलायला लावायचं. तो चिडला तर दोन-दोन दिवस मेसेज नाही, आणि शेवटी माफी मागायची मीच. मार? एकदाही नाही. म्हणून तर मी इतकी वर्षं म्हणायचे, ‘तसा काही त्रास नव्हता मला.’

इव्हान स्टार्क नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं २००७ साली याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की अशा नात्यात मुख्य गोष्ट मारहाण नसते. माणसाचं रोजचं स्वातंत्र्य थोडं थोडं काढून घेतलं जातं: कुठं जायचं, काय घालायचं, कुणाशी बोलायचं, पैसा कशावर खर्च करायचा. एकेक गोष्ट सुटी बघितली तर किरकोळ वाटते, सगळ्या एकत्र बघितल्या की तुरुंग दिसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून असा सततचा धाक हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडंही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ‘हात तर उचलला नाही ना’ हे वाक्य कायद्यालाही मान्य नाही.

मग तेव्हाच का नाही कळलं?

हा प्रश्न मी स्वतःला शंभर वेळा विचारलाय. आता तीन कारणं दिसतात.

एक, धाक काळजीचा वेश घेऊन येतो. ‘माझ्यावर लई जीव आहे त्याचा, थोडा पझेसिव्ह आहे,’ हे मी मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंय. आपल्या सिनेमांनीही पाठलाग करणाऱ्यालाच हिरो केलंय.

दोन, आणि हे आपल्यासारख्या ठिकाणी फार महत्त्वाचं आहे: नातं लपवलेलं असतं. धाराशिव असो, कळंब असो की परंडा, स्टँडवर दिसलात तरी संध्याकाळपर्यंत घरी खबर जाते. म्हणून आपण सगळं गुपचूप करतो. आणि गुपचूप केलं की साक्षीदार राहत नाही. काही खटकलं तर आईला सांगता येत नाही, कारण तिचा पहिला प्रश्न असणार, ‘तू मुळात गेलीसच कशाला?’ मोठ्या शहरात एखाद्याला जोडीदाराला सगळ्यांपासून तोडायला वेळ लागत असेल. आपल्याकडं ते काम आधीच झालेलं असतं. वर ‘घरी सांगू का?’ एवढे तीन शब्द पुरतात. मला ते दोनदा ऐकवले गेले. तिसऱ्यांदा गरजच पडली नाही.

तीन, चांगले दिवसही असतात. खरंच असतात. इथं आपल्या भागातलंच उदाहरण देते. मृगाचा एक पाऊस पडला की सोयाबीन पेरायची घाई होते. मग पाऊस दडी मारतो, उगवलेलं करपून जातं. तेवढ्यात एक सर येते आणि आपण पुन्हा बियाणं आणतो. दुबार पेरणी. दरवेळी वाटतं, आता लागला पाऊस. त्या नात्यात मी अशी किती दुबार पेरणी केली याला हिशेब नाही. चार दिवस अबोला, मग एके संध्याकाळी कुंथलगिरीचा पेढा घेऊन गेटवर उभा. झालं, मी सगळं विसरले. मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. चोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळणाऱ्या कबुतरापेक्षा, कधी मिळेल ते सांगता येत नाही अशा कबुतरानं दाणा बंद झाल्यावरही जास्त काळ चोच मारणं सोडलं नाही. सततच्या प्रेमापेक्षा अधूनमधून मिळणारं प्रेम सोडणं अवघड जातं, ते यामुळं. त्यात तुमच्या अकलेचा दोष नाही.

शरीराला तारीख कळत नाही

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही, पण घरी ऐकलेला आहे. पहाटे चारच्या सुमाराला लोहारा-उमरगा आणि पलीकडं किल्लारीचा भाग हादरला, हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचा जड धाबा, ही घरं मजबूत म्हणूनच बांधलेली होती. तीच कोसळली. त्यानंतर कितीतरी माणसं बरेच दिवस घरात झोपायला तयार नव्हती. उघड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची.

दोन गोष्टी मला यातून समजतात. पहिली, धक्का काही सेकंदांचा असला तरी अंगातली भीती त्याच हिशेबानं जात नाही. शरीर एकदा शिकलं की इथं धोका आहे, तर धोका टळल्यावरही ते पहारा देत राहतं. माझं तिकिटाचा फोटो काढणं हा तसलाच पहारा होता. दुसरी, त्या माणसांना कुणी म्हणालं नाही की ‘तुम्ही दगडाच्या घरात राहिलातच कशाला?’ नात्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपण लगेच विचारतो. दुसऱ्याला आणि स्वतःलाही.

तर मागं वळून ‘तो वाईट होता का?’ हा वाद घालत बसण्यापेक्षा आज स्वतःकडं बघा. फोन वाजला की पोटात गोळा येतो का? कुणी दहा मिनिटं रिप्लाय दिला नाही की मनातल्या मनात माफीची वाक्यं तयार होतात का? कपडे घेताना अजून त्याच्या नजरेनं बघता का? न विचारता खुलासे देता का? कुणी शांतपणे, नीट वागलं तर ‘हे खरं नसणार’ असं वाटतं का? यातल्या एकाचं कारण वेगळंही असू शकतं. पण चार-पाच गोष्टी जुळल्या आणि सगळ्यांचं मूळ एकाच माणसापाशी जात असेल, तर उत्तर तुमच्यापाशी आहे.

ओळखायला उशीर झाला तर?

काही जण म्हणतील, झालं गेलं, आता कशाला उकरायचं? त्यांच्यासाठी फलटणच्या बेबी कांबळे यांची गोष्ट सांगते. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यांचं छोटं दुकान होतं. तिथं बसून त्यांनी ते लिहिलं आणि सुमारे वीस वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. पुस्तकात त्यांनी सगळ्या समाजाचं दुःख मांडलं. स्वतःच्या संसारातला छळ मात्र त्यात जवळपास नाही. तो कळतो तो पुढं, माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. तो अनुवाद आला २००८ साली. नवरा संशय घ्यायचा. एकदा मुंबईच्या प्रवासात गर्दीच्या डब्यात पोरांनी त्यांच्याकडं बघितलं, तर मार यांनाच पडला. हे सगळं त्यांनी म्हातारपणी, शांतपणे सांगितलं. आणि हे माझ्या एकटीचं नाही, तेव्हाच्या बहुतेक बायांचं असंच होतं, हेही सांगितलं.

मी त्यांच्याशी माझी तुलना करत नाही. त्यांचं सोसणं फार वेगळ्या तोलाचं होतं. पण दोन गोष्टी त्यांच्याकडून घेते: जे घडलं त्याला नाव द्यायला मुदत नसते. आणि सुरक्षित वाटल्याशिवाय माणूस बोलत नाही. तुम्हाला पाच वर्षांनी कळलं, तर त्याचा एक अर्थ असा असू शकतो की आता कुठं तुम्ही सुरक्षित झालात.

मग करायचं काय?

मी जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला ते सांगते. हा औषधाचा कागद नाही.

पहिलं, नियमांची यादी. वहीत तीन रकाने आखा. नियम काय होता, मोडला तर काय व्हायचं, आणि आज मी तो पाळते का. माझी यादी सतरा नियमांची झाली. त्यातले नऊ अजून चालू होते. ‘हसताना दात दाखवायचे नाहीत’ हा नियम मी फोटोत आजही पाळते, हे मला लिहिताना कळलं.

दुसरं, घडलेलं क्रमानं लिहिणं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बिअल यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातला सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रसंग लिहायला सांगितला. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. हा जादूचा उपाय नाही. लिहिताना श्वास अडकायला लागला, झोप उडाली, तर थांबा आणि एकट्यानं करू नका. मला मात्र फायदा झाला, कारण त्याच्या तोंडची गोष्ट वेगळीच होती: मीच संशयी, मीच नाटकी. कागदावर क्रमानं उतरल्यावर पहिल्यांदा माझी बाजू मला दिसली. वही मात्र कुलपात ठेवा. मोबाइलवर लिहीत असाल तर लॉक लावा.

तिसरं, एका वेळी एकच नियम मोडायचा. मी फोनपासून सुरुवात केली. रोज अर्धा तास फोन सायलेंट, दुसऱ्या खोलीत. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, खोटं सांगत नाही. पंधरवड्यानं मी फोन विसरून गच्चीवर गेले. काहीच झालं नाही, हा अनुभव शरीराला पुन्हापुन्हा द्यावा लागतो. समजावून सांगून ते ऐकत नाही.

चौथं, जागा परत घ्यायच्या. नळदुर्गच्या किल्ल्यात त्यानं मला माझा एक फोटो डिलीट करायला लावला होता, कारण मागं कुणीतरी अनोळखी मुलगा आला होता. त्यानंतर मी नळदुर्गला गेलेच नाही. या पावसाळ्यात मैत्रिणीबरोबर गेले. बोरी नदीला पाणी होतं, पाणीमहालावरून नर-मादी धबधबे जोरात पडत होते आणि मागं निदान पन्नास माणसं होती. मी फोटो काढला. दात दाखवून.

पाचवं, एक साक्षीदार. एकाच माणसाला सांगा, पण जो ऐकेल त्याला. मी बहिणीला सांगितलं. आणि तुम्हाला कुणी असं सांगायला आलं, तर ‘तेव्हाच का नाही सोडलंस?’ हे विचारू नका. ‘अजून भीती वाटते का?’ हे विचारा.

आणि एक नको ते. त्याच्याकडून माफीची वाट बघू नका. दुसऱ्या अकाउंटवरून त्याचा डीपी बघू नका, ‘शेवटचं एकदा बोलून मिटवू’ म्हणून भेटायला जाऊ नका. आपला जिल्हा लहान आहे, एखाद्या लग्नात समोर येईलच. तेव्हा काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. माझं ठरलंय: बघितलं न बघितलं करायचं, आणि जेवायला दुसऱ्या टोकाला बसायचं.

मुलांसाठी, आणि आरशात बघण्यासाठी

हे सगळं मुलींनाच होतं असं नाही. रात्री उशिरापर्यंत ‘ऑनलाइन का दिसतोस’चे खुलासे देणारे, ‘सोडलंस तर जीव देईन’ या धमकीखाली नातं ओढणारे मुलगेही आहेत. त्यांना तर सांगायचीही सोय नाही, मित्र हसतात. मित्रांनो, भीती ती भीतीच.

आणि वहीत लिहिताना मला एक न आवडलेली गोष्टही सापडली. शेवटच्या वर्षात मीही त्याचा फोन चोरून तपासायचे. त्यानं जे केलं ते त्यामुळं बरोबर ठरत नाही. पण ती सवय मी नव्या नात्यात घेऊन जाणार नाही, हे ठरवणं माझं काम आहे. यादी करताना तुम्हाला दिसलं की नियम लावणारे तुम्हीच होता, तर तेही लिहा. थांबायची सुरुवात तिथूनच होते.

अजून त्रास चालू असेल तर

नकार दिल्यावरही कुणी पुन्हापुन्हा संपर्क करत असेल, मागं येत असेल, तुमच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवत असेल, तर तो पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ साली तो कायद्यात आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. यातली तक्रारदार बाई असते, आणि त्यासाठी लग्न झालेलं असावं लागत नाही. खासगी फोटो पसरवायची धमकी आली तर घाबरून पैसे देऊ नका, भेटायला जाऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा, मग पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. आणि मन जड झालंय, झोप नाही, जीव नकोसा वाटतोय, तर टेलिमानस १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन मुलगे-मुली सगळ्यांसाठी आहे.

आता शेवटचं. त्या तिकिटाच्या फोटोनंतर आठवडाभरानं मी होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. फोनवर, कारण समोर बसून जमलं नसतं. तो बराच वेळ गप्प होता. त्या शांततेत माझी माफीची वाक्यं तयार व्हायला लागली होती. मग तो म्हणाला, ‘मी निघालीस का विचारतो, त्याचा त्रास होतो का तुला? होत असेल तर नाही विचारणार.’

काय उत्तर द्यावं मला कळेना. असं कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, विचारत जा, पण मी उशिरा उत्तर देईन, मुद्दाम. सराव म्हणून.

काल पुन्हा सोलापूरला गेले. मेसेज आला, ‘पोहोचलीस का?’ मी बसमधून उतरले, चहा घेतला, संपवला, आणि मग लिहिलं, ‘हो.’ सोबत फोटो नाही. छाती धडधडत होती, पण मागच्या वेळेपेक्षा कमी.

सतरातले आता सहा उरलेत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.